मुलीला काय देऊन पाठवायचे?



तेंदूपत्त्याचा हंगाम चालू होता तेव्हाची ही गोष्ट. रविवारची मिस्सा संपली, लोक पांगले, पण एक माता दाराशी थांबून राहिली. सगळे गेल्यावर म्हणाली, "फादर, पोरगी बारा वर्षांची झाली. शाळा सुरू झाली की होस्टेलला जाईन. पेटी भरून ठेवली. पण तिले सांगू काय, हे समजत नाही. माह्या मायनं मले काहीच सांगितलं नव्हतं."

मी तिला दोन धीराचे शब्द सांगितले आणि प्रार्थना करू असे म्हटले. ती गेल्यावर जाणवले की माझे उत्तर पोकळ होते. तिने नेमका प्रश्न विचारला होता आणि मी आशीर्वादावर भागवले. आजचा पाठ म्हणजे त्या मातेला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते सर्व आईवडिलांसाठी आहे.

वाचन : मार्क ५:२१-४३

या उताऱ्यात दोन घटना एकमेकींत गुंफल्या आहेत. याईराची बारा वर्षांची मुलगी मरणाच्या दारी आहे. वाटेत गर्दीत एक स्त्री आहे, तिला बारा वर्षे रक्तस्राव होत आहे. मुलीचे जितके वय, तितकाच त्या बाईचा आजार. लेवीय पुस्तकाच्या १५ व्या अध्यायातील नियमाप्रमाणे ती अशुद्ध, आणि तिला शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. वैद्यांवर तिचा सगळा पैसा संपला आहे. म्हणून ती मागून येते आणि चोरून वस्त्राला हात लावते.

ती लगेच बरी होते. येशू पुढे गेला असता तर कोणाला काही कळलेही नसते. पण तो थांबतो, विचारतो, आणि तिला सर्वांसमोर आपली हकीगत सांगावी लागते. शरीर आधीच बरे झाले होते. मग हे बोलणे कशासाठी? मला वाटते, तिची लाज अजून बरी व्हायची होती. ती बोलते आणि येशू तिला 'मुली' म्हणून हाक मारतो. मग तो याईराच्या घरी जातो, मुलीचा हात धरून उठवतो आणि तिला खायला द्या म्हणतो.

आपल्या मुलींसाठी या उताऱ्यात मला तीन गोष्टी दिसतात.

१. तिला बोलायला शिकवा

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये आपल्या गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. डॉ. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि जगभर त्याची चर्चा झाली. त्यातले तीन आकडे लक्षात ठेवा. १०० पैकी ९२ स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक तरी आजार होता. तक्रार मात्र ५५ जणींनी सांगितली. आणि आधी कधी तपासणी व उपचार झालेल्या फक्त ८ होत्या.

९२ आणि ५५ यांतील फरक पाहा. शंभरातील निदान ३७ जणींना आजार होता, पण तक्रार नव्हती. काहींना खरोखरच त्रास जाणवत नसेल. पण अनेकींच्या घरचे उत्तर आपल्याला माहीत आहे : "बाईचा जन्म आहे, सोसावंच लागते."

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना अॅरिस्टॉटलचा एक भेद आम्हाला पाठ करायला लावत. एखाद्या वस्तूचे मूळ स्वरूप वेगळे आणि तिला येऊन चिकटलेली गोष्ट वेगळी. त्या वेळी तो परीक्षेपुरता वाटला. आता वाटते, प्रत्येक आईने तो मुलीला शिकवावा. पाळी येणे हे बाईपण आहे. पांढऱ्या पाण्याला घाण वास येणे, खाज सुटणे, पाळीत उभे राहवणार नाही इतके दुखणे, हे बाईपण नव्हे. तो त्रास आहे, आणि त्यावर उपचार आहेत. "सोसावंच लागते" म्हणताना आपण आजाराला स्वभाव ठरवतो, आणि मुलगी डॉक्टरकडे जायचे सोडून देते.

भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागात कुरमा घर आहे. पाळीच्या दिवसांत माडिया समाजातील स्त्री गावाबाहेरच्या त्या झोपडीत राहते. पावसाळ्यात ओल असते, सापाची भीती असते. २०१५ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ही प्रथा संपवण्यास राज्य सरकारला सांगितले. प्रथा संपली नाही. २०२१ मध्ये तुकूम गावात खाटा, संडास, पाणी आणि सौर दिवे असलेले पक्के कुरमा घर बांधले गेले. कोणी म्हणाले, यामुळे प्रथा आणखी पक्की होईल. कोणी म्हणाले, आज रात्री ती मुलगी कुठे झोपणार ते आधी बघा. दोघांचेही म्हणणे मला पटते. मुलीचा जीव आज वाचवायचा आणि उद्या तिला घरातच झोपता यावे यासाठी बोलत राहायचे, ही दोन्ही कामे करावी लागतील.

पण शेजाऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आपले घर पाहू. आपल्या अंगणात कुरमा घर नाही. तरीही दुकानदार सॅनिटरी पॅड काळ्या पिशवीत किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, आणि मुलगी ते बापापासून, भावापासून लपवते. दुखत असेल तर "डोकं दुखते" म्हणून सांगते. हीही एक झोपडीच आहे, फक्त मातीची नाही.

आणखी एक. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. स्थळ बघताना आपण शेती विचारतो, नोकरी विचारतो, सिकलसेलची तपासणी विचारत नाही. मुलीला सांगा, हे विचारणे म्हणजे अपमान नव्हे. आणि मुलालाही तेच सांगा.

२. तिला शिकू द्या

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ चा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले. तो काळ असा की यासाठी त्यांना विद्वानांपुढे जाब द्यावा लागला. गंगामूळच्या जंगलात त्यांनी संसार थाटला. रमाबाई शिकण्याच्या वयाच्या झाल्या तेव्हा वडील थकले होते, म्हणून आईने शिकवायला घेतले. दिवसभर घरचे काम, म्हणून पहाटे. झोपलेल्या मुलीला मायेने उठवायचे आणि पाखरे किलबिलू लागली की तोंडी धडे द्यायचे. हातात पुस्तक नाही, आईचे तोंड हेच पुस्तक.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील दोघेही गेले. मुलीला ना घर राहिले ना जमीन. राहिले ते पहाटेचे धडे. त्यांच्याच बळावर १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला 'पंडिता' म्हटले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे रमाबाईंनी मागणी केली की मुलींना वैद्यकीय शिक्षण द्या, कारण स्त्रिया आपला आजार पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. म्हणजे गडचिरोलीचा तो अभ्यास छापून आला त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी एका स्त्रीने हे दुखणे ओळखले होते. पुढे रमाबाईंची मुलगी मनोरमा आईच्याच कामात आयुष्यभर राहिली. लक्ष्मीबाईंकडून रमाबाईंकडे, रमाबाईंकडून मनोरमेकडे आलेला हा वारसा कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हता.

मोहफुले वेचायच्या दिवसांत किंवा धानाच्या रोवणीला आपण मुलीची शाळा बुडवतो आणि मुलाची बुडवत नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंची ती पहाट आठवावी.

३. तिला जेवू घाला

येशूने याईराच्या मुलीला जिवंत केले, आणि तिच्या जेवणाची सूचना केली. हे वाचले की मला माझे घर आठवते. आम्ही भाऊ आधी जेवायचो, बहीण आईसोबत मागून. भांड्यात उरेल ते त्यांचे. मला त्यात काही वावगे दिसले नाही, कारण मी आधी जेवणाऱ्यांतला होतो. दर महिन्याला जिचे रक्त जाते तिला घरात सर्वांत कमी खायला मिळावे, हा कुठला न्याय? जवसाची चटणी, पालेभाजी, डाळ, अंडे जे असेल ते तिच्या ताटात आधी पडावे. शेवटी जेवायला शिकलेली मुलगी सगळीकडेच शेवटी उभी राहते.

या आठवड्यात करण्यासाठी

• मातांनी : मुलीला पाळीबद्दल स्वतः सांगा, पहिली पाळी येण्याआधी. तुमच्या आईने तुम्हाला काय सांगितले नव्हते, तेही सांगा.

• वडिलांनी : याईर हा बाप होता, आणि मुलीसाठी तो सर्वांसमोर गुडघ्यावर आला. निदान दुकानातून मुलीचे सामान उघड्या हाताने आणा.

• भावांनी : एक दिवस बहिणीनंतर जेवा.

• सर्वांनी मिळून विचार करा : आपल्या घरात कोणती गोष्ट मुलीला फक्त कुजबुजून सांगावी लागते?

त्या मातेला आता माझे उत्तर असे आहे. बाई, पेटीत कपडे ठेवलेच आहेत. त्यांवर पॅडचा पुडा ठेव, लपवून नको. मग तिला जवळ बसव आणि सांग : दुखलं तर बोल, समजलं नाही तर विचार, भूक लागली तर माग. कोणी तुला गप्प बस म्हटलं, तर मायनं बोलायला सांगितलं म्हण.

तुमचा,
फादर