त्रोवसात राहिलेला झगा

अहिल्यानगर (हात अजून ‘अहमदनगर’ लिहायलाच जातो)
१९ जानेवारी

चि. सौ. छकुलीस,



तुझं पहिलं प्रार्थनापत्र रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी वाचून दाखवलं. लोकांना फार आवडलं. घरी आल्यावर नातवाच्या फोनवर मी ते पुन्हा दोनदा वाचलं. शाळेतली मुलं, रुग्णालयातल्या सकाळच्या प्रार्थना, व्हिक्टोरिया सरोवरावरचा सूर्यास्त, सगळं आहे त्यात. तू तेवढी नाहीस. शेवटी तीन विनंत्या आहेत: कार्याची वाढ व्हावी, दारं उघडावीत, कुटुंबाला आरोग्य लाभावं. त्या ओळी वाचताना मला माझंच अक्षर दिसलं गं. तू आहेस त्याच केनियातल्या किसुमूहून मी अशाच ओळी सात वर्षं लिहीत होते, म्हणून आज जरा कान धरायला बसले आहे.

१९८६ च्या मोठ्या पावसातली गोष्ट सांगते. मोठा पाऊस म्हणजे तिकडचा मार्च ते मे. माझा मुलगा, तुझा दादा, तेव्हा चार वर्षांचा होता आणि त्याला पाच महिन्यांत तिसऱ्यांदा मलेरिया झाला होता. तुझे आतोबा सायकलवर गावोगाव. मी दिवसा शाळेत आणि रात्री त्याच्या उशाशी. आमचं दोघांचं कशावरून तरी बिनसलं (कशावरून ते आता आठवतही नाही) आणि चार दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते. त्या चौथ्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी नगरला पत्र लिहिलं: सर्व कुशल, कार्य वाढत आहे, दारं उघडावीत म्हणून प्रार्थना करा. इकडे महिला मंडळातल्या बाया इमानेइतबारे दारं उघडण्यासाठी गुडघे टेकत होत्या. आणि आमचं दार दिवसभर उघडंच! कोणी औषधाला येई, कोणी फीसाठी, कोणी नुसतं बसायला. ते तासभर कोणीतरी लावून घ्यावं, एवढीच माझी खरी गरज होती.

पुढे एकदा पत्राच्या तळाला जागा उरली म्हणून मी चिडून दोन ओळी खरडल्या. इथलं मतामाचं पीठ घेऊन भाकरी थापते, ती काठाला फाटते, तव्यावर टाकताना मोडते आणि मला पिठावरच रडू येतं. (मतामा म्हणजे आपली ज्वारीच, हे तुला एव्हाना कळलं असेल.) ते पत्र सभेत मोठ्याने वाचलं गेलं. आमच्या मंडळात एक म्हातारी होती, अक्षरशत्रू. केनिया कुठे आहे ते तिला नकाशात दाखवता आलं नसतं. पण भाकरी मोडणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. महिन्याने तिच्या नातवाच्या हातचं पत्र आलं: पीठ जुनं असणार, चांगल्या उकळत्या पाण्यात मळ, आणि मी रोज चूल पेटवताना तुझं नाव घेते. भाकरी निम्मीशिम्मी जमायला लागली. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की ती म्हातारी मरेपर्यंत आमच्यासाठी प्रार्थना करत राहिली, आणि तिच्या प्रत्येक पत्रात विचारणा असे, आता काय मोडतंय?

तर माझं म्हणणं एवढंच आहे, की तुझ्या प्रार्थनापत्रात मोडलेली भाकरी असू दे.

तुला वाटेल, मिशनच्या पत्रात असल्या गोष्टी कशा लिहायच्या? शास्त्र काढ. पौल तीमथ्याला दुसरं पत्र लिहितो तेव्हा तो कैदेत आहे, मरण समोर दिसतं आहे. विश्वास, शर्यत, मुगुट असं सगळं लिहून झाल्यावर तो काय मागतो? त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, आणि हिवाळ्याच्या आत ये. एवढा मोठा प्रेषित, पण त्याला थंडी वाजत होती आणि ते लिहायला त्याला लाज वाटली नाही. आपण त्या अध्यायावर उपदेश ऐकतो तेव्हा पाळकसाहेब झग्यापाशी जरा घाईत पुढे जातात.

दुसरी बाजूही सांगते, कारण ती तुझ्या घराच्या जास्त जवळची आहे. विल्यम केरी आपल्याला माहीत असतो. सेरामपूरला १८०५ साली त्याने मराठीचं व्याकरण छापलं म्हणून तर आपल्या लोकांना त्याचं विशेष कौतुक. १७९३ मध्ये तो बंगालला आला तेव्हा त्याची बायको डोरोथी तान्हं मूल घेऊन, मनाविरुद्ध आली होती. पुढच्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर तिचं मन जे बिघडलं ते १८०७ मध्ये ती मरेपर्यंत सावरलं नाही. भाषांतराचं ते प्रचंड काम चाललं होतं आणि त्याच घरात ती बारा वर्षं अशी होती. केरीला मी दोष देत नाही, त्या काळात औषध तरी काय होतं? पण त्याच्या पुस्तकांची यादी आपल्याला पाठ असते. डोरोथीचं नाव मंडळीत किती जणांना ठाऊक आहे, विचारून पाहा. मिशनरी घरातली बाई अशी कामाच्या मागे नाहीशी होते. तू होऊ नकोस. झोप लागत नसेल, रडू आवरत नसेल, तर पहिल्यांदा जावईबापूंना सांग, मग नैरोबीत डॉक्टर गाठ, आणि मंडळीलाही कळव. तापासाठी प्रार्थना मागायला जसा संकोच वाटत नाही तसा यालाही वाटू देऊ नकोस.

हे खरं बोलणं तुला तिथल्याच लोकांकडून शिकता येईल. १९३० च्या दशकात रुआंडातल्या गाहिनीच्या मिशन रुग्णालयाच्या आवारातून एक संजीवन उठलं. युगांडा, केनिया, टांगानिका सगळीकडे पसरलं. त्या मंडळ्यांमधली रीत अशी की सभेत उभं राहून आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची. आमच्या शेजारची एक बाई एकदा उभी राहिली आणि म्हणाली, कोंबडी विकली तिचे पैसे मी नवऱ्यापासून लपवले. एवढंच सांगून ती शांतपणे खाली बसली. मी मात्र पुढचा आठवडाभर अस्वस्थ होते, कारण माझ्याकडे तर त्याहून मोठ्या कोंबड्या होत्या.

यावरून आणखी एक. केनियात शंभरातले ऐंशीहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात आपण किती, ते तुला सांगायला नको. तेव्हा अंधारात दिवा घेऊन चाललोय अशा थाटात पत्र लिहू नकोस. तिकडचं कोणी मराठी शिकून ते वाचलं तर हसेल. तुम्ही गेलात ते तिथल्या मंडळीच्या हाताखाली काम करायला. चार-चार तासांच्या उपासनेला बसायची सवय कर आणि मुलांसाठी पिशवीत केळी ठेव.

बाजारात तुला ‘मुहिंदी’ म्हणतील. मक्यालाही तिथे जवळपास तोच शब्द आहे, तेव्हा पोरं हसली तर तूही हस. मात्र त्या शब्दामागे इतिहास आहे. मोंबासाहून रेल्वे बांधायला १८९६ पासून सुमारे बत्तीस हजार मजूर हिंदुस्थानातून नेले. अडीच हजारांच्या आसपास त्यात मेले. १९०१ मध्ये ती रेल्वे सरोवराला भिडली ती तुझ्या किसुमूतच. मागोमाग आपल्याकडचे व्यापारी आले. ‘दुका’ हा तिकडचा शब्द आपल्या दुकानाचाच भाऊ. त्यामुळे हिंदी माणूस म्हणजे गल्ल्यामागे बसलेला, भाव पाडून न देणारा, असं चित्र लोकांच्या मनात आहे, आणि ते अगदीच बिनबुडाचं नाही. ते पुसायला वर्षं जातील. स्वाहिली तर शिकच, पण घराबाहेर ऐकू येते ती लुओ भाषा. ‘एरोकामानो’ म्हणजे आभार, तेवढ्यावर थांबू नकोस. भाषेसाठी रोजचा एक तास राखून ठेव आणि त्याच्यासाठीसुद्धा प्रार्थना माग. माझ्या अनुभवाने सांगते, मिशनरी सर्वांत आधी चोरतो तो हाच तास.

घड्याळाची गंमत मुलांना सांग: तिकडे दिवस उजाडल्यापासून तास मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक वाजला. कोणी भेटीची वेळ दिली की कुठल्या घड्याळाची ते विचारून घ्यावं. एकदा आतोबा एका लग्नाला सहा तास आधी जाऊन बसले होते.

खाण्यापिण्याचं तू निभावून नेशील. ओमेना म्हणजे आपली सुकटच समज. भाजून, लसूण-मिरची लावून बघ. सुकुमा विकी या पालेभाजीच्या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकल’ असा आहे, महिनाअखेरीला त्याचं मर्म कळेल. विंबी म्हणजे नाचणी, मुलांना तिची पेज दे. पोळी तिकडे सणावारी करतात, म्हणून रोज पोळ्या लाटणारं घर श्रीमंत समजलं जातं, हेही ध्यानात असू दे. आणि तापाच्या बाबतीत हयगय नको. मुलाचं अंग गरम लागलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं, रात्र जाऊ द्यायची नाही. मच्छरदाणी संध्याकाळीच सोडायची. सुट्टीत नगरला आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगायचं, की आम्ही किसुमूहून आलो आहोत. इकडचे डॉक्टर ‘व्हायरल असेल’ म्हणून मोकळे होतात, आणि तिकडचा मलेरिया थांबायला वेळ देत नाही.

मुलांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण तुझ्या पत्रात त्यांच्यावर फक्त ‘मुले आनंदात आहेत’ एवढंच आहे. ती आनंदात असतीलही. पण तिकडे शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपल्याकडे जूनमध्ये. येता-जाता त्यांचं अर्धं वर्ष कुठेतरी हरवतं, आणि वर्गात ती कायम नवीन असतात. दादा सुट्टीत इथे आला तेव्हा आठव्या दिवशी त्याने मला विचारलं, आई, घरी कधी जायचं? आजी शेजारीच गहू निवडत होती. तिचा हात सुपात तसाच थांबला. त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. तू मुलांना ‘हे आपलं घर नाही’ असं दोन्हीकडे म्हणू नकोस, एवढंच. घरात मराठी बोला, रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांना ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत बोलू द्या. आणि त्यांच्या नावानिशी विनंती लिही: धाकटीला मैत्रीण नाही, थोरला हल्ली फारसा बोलत नाही. लिहिण्याआधी थोरल्याला विचार मात्र. त्याची गोष्ट त्याची आहे.

हाच नियम बाकीच्यांनाही. रुग्णालयातल्या बाईचा आजार, शाळेतल्या अनाथ पोराचा फोटो, हे आपल्या मंडळीच्या भिंतीवर टांगायला नाहीत. ती बाई नगरला येऊन तुझ्या आजारपणाची तसबीर वाटत फिरली तर तुला कसं वाटेल? दुसऱ्यांची दुःखं झाकायची आणि स्वतःची सांगायची. बहुतेक मिशनपत्रांत नेमकं उलटं असतं. आपल्याच नगर-राहुरीच्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ नेली आहेस ना? नसशील तर पाठवते. खरं लिहून माणूस लहान होत नाही, हे तिथे पानोपानी दिसेल.

पैशाची भीती असेल तर तेही बोलू. खरं लिहिलं की मदत आटेल, असं तुला कोणीतरी सांगितलं असणार. एका मंडळीने आमची मदत बंद केली होती, हे खरं आहे. बाप्तिस्म्यांचे आकडे का नाहीत, असं विचारून. चार महिने ओढाताण झाली. पण जे टिकले ते शेवटपर्यंत टिकले, आणि त्यांत श्रीमंत कोणी नव्हतं. मिझोरामच्या बाया शंभरावर वर्षं रोज स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढतात. मूठ काढणाऱ्या बाईला आकडे नको असतात, कोणासाठी काढतोय ते चेहरे हवे असतात.

आता जड गोष्ट. तुझ्या बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे. त्याने तुला कळवू नका म्हणून सांगितलं होतं. मी कळवते आहे. माझी आई गेली तेव्हा तार चौथ्या दिवशी पोहोचली, मातीला मी नव्हते. तुम्हाला आता तसं होणार नाही, फोन आहे, पण विमानाचं तिकीट फोनने स्वस्त होत नाही. दोघांनी आजच बसून ठरवा की कोणाच्या आजारात कोण येईल, आणि तेवढे पैसे वेगळे ठेवा. ते आधी ठरलेलं असलं की नवरा-बायकोत त्या वेळी कडू शब्द जात नाहीत. बाबांसाठी मी आहे इथे. डबा माझ्याकडून जाईल.

पुढचं पत्र नव्याने लिही. सूर्यास्त एक ओळ पुरे. काय मोडतंय ते लिही. महिला मंडळाची सभा मंगळवारी चार वाजता असते. तुमच्याकडे तेव्हा दीड वाजलेला असतो, स्वाहिली घड्याळात साडेसात. सोमवारी रात्रीपर्यंत पाठवलंस तर मी स्वतः वाचून दाखवीन.

जावईबापूंना सलाम, मुलांना पापा.

तुझी,
आत्या