आभासी कॅमेरा आणि दृश्याची खोली

तापीच्या काठी शाही किल्ल्याजवळ उभे राहून एक डोळा मिटावा, दुसऱ्या डोळ्यासमोर वीतभर अंतरावर बोट धरावे आणि बोटाकडे निरखून पाहावे. पैलतीरावरील जैनाबादची झाडी पुसट होते. झाडीकडे दृष्टी नेताच बोट पुसट होते. डोळ्याचे भिंग एका वेळी एकाच अंतरावर नेमके बसते. त्याच्या मागेपुढे जेवढा पट्टा पुरेसा स्वच्छ दिसतो, त्यास छायाचित्रकार ‘डेप्थ ऑफ फील्ड’ म्हणतात.

संगणकावर रचलेल्या चलचित्रात भिंगही नसते आणि छिद्रही नसते. असतात त्या केवळ संख्या. म्हणून तेथे सारेच सारखे स्वच्छ उमटते व चित्र कागदी वाटते. पूर्वीच्या व्यंगपटकारांनाही ही अडचण होती. वॉल्ट डिस्ने यांच्या संस्थेने 1937 साली ‘द ओल्ड मिल’ या लघुपटात काचांवर रंगविलेली चित्रे एकाखाली एक अंतरावर ठेवून वरून कॅमेऱ्याने टिपली. आज आफ्टर इफेक्ट्स किंवा ब्लेंडर यांत त्या काचांच्या जागी थर असतात. समजा, किल्ल्याच्या छायाचित्रातून पुढची कमान, मधले पात्र व पैलतीर असे तीन थर कापून काढले. त्यांस निरनिराळ्या अंतरांवर उभे करून कॅमेऱ्यास फोकसचे अंतर व छिद्राचे माप सांगितले की पुसटपणा आपोआप येतो. मात्र कमान कापल्यावर तिच्या मागे उरलेली पोकळी आधी रंगवून भरावी लागते. ते न केल्यास कॅमेरा हलताच भोक उघडे पडते.

पुसटपणा किती येईल, हे गणिताने काढता येते. 50 मिलिमीटरचे भिंग, 25 मिलिमीटरचे छिद्र आणि 3 मीटरवर फोकस असता 30 मीटरवरील एक बिंदू 36 मिलिमीटर रुंद चौकटीत सुमारे 0.38 मिलिमीटरची वर्तुळाकार ठिपकी होऊन पडतो. 1920 पिक्सेल रुंद चित्रात ती सुमारे 20 पिक्सेल भरते. छिद्र 6.25 मिलिमीटर केले तर ती 5 पिक्सेलांवर येते.

येथेच एक फसगत होते. कित्येक विद्यार्थी किल्ला वीतभर मापाचा रचतात व छिद्र मात्र खऱ्या कॅमेऱ्याचे ठेवतात. दृश्याच्या मानाने छिद्र प्रचंड ठरते आणि मुमताजमहलने 1631 साली ज्या नगरीत देह ठेवला तिचा राजवाडा खेळण्याच्या दुकानातला दिसू लागतो! मापे खरी ठेवावीत, नाहीतर छिद्रही त्याच प्रमाणात लहान करावे. अशीरगडासारख्या दूरच्या डोंगराची धूसरता ही निराळी गोष्ट होय. ती हवेतील धूळ व बाष्प यांमुळे येते, म्हणून तेथे कडा पुसण्यापेक्षा रंग फिके करणे योग्य.

फोकस एका वस्तूवरून दुसरीवर नेण्यात तर खरी कसोटी लागते. 3 मीटरवरून 30 मीटरवर 4 सेकंदांत एकसारख्या गतीने अंतर वाढविले, तर पहिल्या सेकंदाअखेर फोकस 9.75 मीटरवर पोहोचतो. वाटते, चौथा हिस्सा प्रवास झाला. परंतु पुसटपणा अंतराच्या व्यस्त संख्येवर अवलंबून असल्यामुळे तेवढ्यातच तीन-चतुर्थांशाहून अधिक बदल घडून गेलेला असतो. प्रेक्षकास झटका बसतो आणि उरलेले तीन सेकंद काहीच घडत नाही असे वाटते. यासाठी आरंभी अंतर अगदी सावकाश वाढवावे व पुढे वेग द्यावा. आमच्या मते सुंदर छायाचित्रापेक्षा या एका गतीवर चित्राचा कस अधिक ठरतो.

पुसटपणाचा सोस मात्र नसावा. ओबडधोबड कापलेल्या कडा झाकण्यासाठी त्याचा उपयोग करणारे पुष्कळ आढळतात, पण कडांभोवती उमटणारे पांढुरके वलय ती लबाडी उघडी करते. आपल्या जामा मशिदीत अरबी लेखाबरोबर संस्कृत लेखही कोरलेला आहे. बऱ्हाणपुरावर चित्रफीत करणाऱ्याने तो दाखवायचा, तर खांबांच्या रांगेतून कॅमेरा पुढे नेताना पुढचे खांब खुशाल पुसट ठेवावेत. परंतु लेखाशी पोहोचण्यापूर्वी छिद्र लहान करावे, फोकस दगडावर आणावा आणि शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तो तेथून हलवू नये.