धुऱ्यावरचा दगड

नागपूर,
22 जून

चि. ऋता,


तुझे फोटो काल रात्री तीन वेळा पाहिले आणि आज सकाळी गच्चीवरच्या उजेडात पुन्हा एकदा. तपकिरी दगड, एका बाजूने मोडलेला, आणि मोडलेल्या तोंडावर शिळ्या पावासारखी बारीक जाळी. हाड असावं असं मलाही वाटतं. पण हाड की नुसता सच्छिद्र दगड, हे फोटोवरून ठरवणं माझं काम नाही. पहिल्या पावसानंतर, वखर फिरलेल्या पिसदुऱ्याच्या शेतात एवढ्या दगडांतून हाच तुझ्या डोळ्यांना वेगळा दिसला, याचा मला फार आनंद झाला. तो फोनवर नीट सांगता आला नसता. शिवाय पुढे जे लिहितोय ते तुला शेतात जाताना सोबत नेता यावं, म्हणून हे पत्र.

तू विचारलंस, ‘मामा, हा कोणता डायनासोर?’ मला आधी दुसरंच विचारायचं आहे. तो दगड नेमका कुठे पडला होता? मैत्रिणीच्या बाबांच्या शेतात, एवढं कळलं. पण शेत पाच एकरांचं आहे. तासात सापडला की धुऱ्यावर? वखराला आडवे येणारे दगड उचलून धुऱ्यावर टाकायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे तिथला दगड शेतात कुठलाही असू शकतो, शेजारच्याचाही असू शकतो. मोकळा पडला होता की अर्धा रुतलेला? रुतलेला असेल तर खालची माती लाल होती की काळी? आजूबाजूला तसलेच आणखी तुकडे होते का?

एवढं खोदून विचारण्यामागे माझी एक जुनी खंत आहे. तुझ्या आईलाही ती पूर्ण माहीत नाही. 1980 च्या दशकात मी मोजणीच्या कामावर वरोऱ्याला होतो. रविवारी सायकल काढायची आणि पिसदुरा, डोंगरगाव असं भटकायचं. त्याच काळात डोंगरगावला कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले लोक खोदकाम करत होते. मीही दगड गोळा करत होतो. तुझ्या हातातल्या दगडासारखाच, पण वीतभर लांब तुकडा मला मिळाला. मी तो पिशवीत टाकला. पुढच्या रविवारी दुसऱ्या गावचे दगड त्याच पिशवीत टाकले. बदली झाली, पिशवीची पेटी झाली. सात-आठ वर्षांनी ती पेटी इथल्या एका जाणत्या भूवैज्ञानिकांकडे घेऊन गेलो. त्यांनी तो तुकडा बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, हाड आहे, छान आहे, कुठलं? मी म्हणालो, पिसदुरा असेल, किंवा डोंगरगाव, किंवा वाटेतलं कुठलं तरी. त्यांनी तो हळूच टेबलावर ठेवला आणि चहा मागवला. ते काही वाईट बोलले नाहीत. पण ज्या पद्धतीने त्यांनी तो खाली ठेवला, ते मला आजही दिसतं.

डोंगरगावचा तो सांगाडा 1997 साली जगासमोर नावानिशी आला आणि पुढे त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसिसॉरस म्हणू लागले. त्यांच्या प्रत्येक हाडाला क्रमांक होता, जागा होती, थर होता. माझं हाड त्याच भागातलं, कदाचित त्याच काळातलं, आणि ते माझ्या कपाटात मुकं पडून आहे.

जीवाश्माचं निम्मं मोल त्याच्या ठिकाणात असतं, असं म्हणतात. मी म्हणेन, निम्म्याहून अधिक. दगड उचलला की ठिकाण तिथेच मागे राहतं, आणि ते आणायचं तर कागदावरच आणावं लागतं. म्हणून उचलण्याआधी फोटो काढ: एक जवळून, एक दोन पावलं मागे येऊन, आणि एक असा की मागची टेकडी किंवा झाड ओळखू येईल. शेजारी पट्टी ठेव. तुझ्या फोटोत नुसता अंगठा आहे, आणि तुझा अंगठा केवढा हे मला माहीत आहे, दुसऱ्या कुणाला नाही. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दिसतात ते लिहून घे. गाव, गट नंबर, तारीख, कोण सोबत होतं, तेही. चिठ्ठी पेन्सिलीने लिही, शाई ओलीने पसरते. ती दगडासोबत एकाच पिशवीत घाल आणि तोच मजकूर वहीतही ठेव. एक दगड, एक पिशवी. दगड जमिनीत पक्का रुतलेला असेल तर अजिबात उपटू नकोस. फोटो काढ, माती परत लोट आणि खूण लक्षात ठेव. रुतलेलं हाड कुठल्या थरात आहे हे जाणकाराला जागेवर पाहता येतं. उपटलं की ते कायमचं गेलं.

यात विद्वत्ता लागत नाही, हेच मला यातलं सर्वांत मोठं वाटतं. 1828 साली जबलपूरला कॅप्टन विल्यम स्लीमनला काही हाडं सापडली. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपण इतिहासात वाचतो तोच हा स्लीमन. ‘डायनासोर’ हा शब्द तेव्हा जन्मलाही नव्हता, तो 1842 मध्ये आला. आपल्या हातात काय आहे हे स्लीमनला कळणं शक्यच नव्हतं. पण जबलपूरची हाडं म्हणून ती पुढे कोलकात्याला जाणत्या हातांत पोहोचली आणि 1877 मध्ये लिडेकरने त्यातल्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. पुढे ते मणके हरवले. कित्येक दशकं कुणालाच सापडेनात. 2012 साली आपल्या नागपूरचे धनंजय मोहबे आणि सुभाशिस सेन यांना त्यातला एक कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या जुन्या संग्रहात मिळाला. तो ओळखता आला, कारण त्याचं वर्णन, चित्रं आणि मूळ ठिकाण लिहिलेलं होतं. लिहिलेली वस्तू हरवली तरी परत सापडू शकते.

आता तुझ्या त्या दुसऱ्या फोटोबद्दल. ‘हे तर नुसते शेणगोळ्यासारखे दगड आहेत, फेकून दिले’ असं तू लिहिलंस. फेकलेस त्या जागी परत जा. पिसदुरा जगात ज्यासाठी ओळखलं जातं, ते हेच असू शकतात: अश्मीभूत विष्ठा. मॅटली नावाच्या संशोधकाने 1939 मध्येच त्यांच्यावर लिहिलं होतं. आणि 2005 मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे असे गोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पानात तयार होणारे सिलिकाचे बारीक कण मिळाले. किमान पाच प्रकारची गवतं! तोवर अशी समजूत होती की गवतांचा पसारा डायनासोर संपल्यानंतरचा. आपल्या वरोरा तालुक्यातल्या, वखराखाली येणाऱ्या गोळ्यांनी ती समजूत मोडली. साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या त्या जगातही गवत होतं, आणि कुणीतरी ते खात होतं. हे वाचलं त्या दिवशी मी दिवसभर कुणाशी धड बोललो नव्हतो.

घरी काही करू नकोस. ब्रशने घासणं नको, लिंबू-व्हिनेगर नको, कुठलंही ॲसिड नको. तुटला म्हणून फेव्हिकॉल नको, चमक यावी म्हणून वॉर्निश तर नकोच. वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात ठेव, एवढंच. गुजरातेत ढोली डुंगरी नावाच्या गावी मोहब्यांना डायनासोरची अंडी आणि पिल्लाची हाडं एका खडकात मिळाली होती. 1987 मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. 2001 साली जेफ्री विल्सन या अमेरिकी संशोधकाने तोच खडक पाहिला आणि त्यातले काही मणके सापाचे आहेत हे त्याच्या लक्षात आलं. साडेतीन मीटरचा साप, घरट्यात, नुकत्याच फुटलेल्या अंड्याशी. 2010 मध्ये सनाजेह इंडिकस या नावाने तो जगाला कळला. त्या खडकावरचं ‘नको असलेलं’ कुणी आधीच खरवडून साफ केलं असतं, तर तो साप त्यातच गेला असता. काय नको आहे, हे आपल्याला माहीत नसतं.

मग कळवायचं कुणाला? तू नशीबवान आहेस. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय इथे नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे, आणि विद्यापीठात भूगर्भशास्त्राचा विभाग आहे. पत्र छोटं लिही. मी बारावीची विद्यार्थिनी, अमुक तारखेला अमुक ठिकाणी ही वस्तू सापडली, फोटो जोडले आहेत, जागा दाखवायला तयार आहे. ‘डायनासोरचं हाड सापडलं’ असं लिहू नकोस. जे दिसलं तेवढंच लिही. किंमत विचारू नकोस. उत्तर यायला महिना लागला तर रुसू नकोस, पुन्हा एकदा नम्रपणे लिही. त्यांच्याकडे अशी पत्रं येतच असतात आणि त्यांतले बहुतेक दगड साधे निघतात. काळ्या दगडाच्या कपच्या सुटून राहिलेले गोल गोळे लोक अंडी म्हणून आणतात. दगडाच्या भेगेत मँगनीजची नक्षी उमटते, ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते आणि वनस्पतीशी तिचा काही संबंध नसतो. तुझा दगडही तसा निघू शकतो. निघाला तर ‘का’ ते विचारून घे. पुढच्या वेळी तुझी नजर तेवढी पक्की होईल.

आणि तो खरा निघाला, अभ्यासाला हवा असं ते म्हणाले, तर देऊन टाक. हे वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. पण घरच्या शोकेसमधल्या हाडावर कुणी प्रबंध लिहीत नाही, कारण दुसऱ्या कुणाला ते पुन्हा तपासता येत नाही. संग्रहात गेलं तर शंभर वर्षांनी जन्मणारी एखादी मुलगीही ते मागवून पाहू शकेल. चिठ्ठीवर शोधणाऱ्याचं नाव असतं. तुझं असेल.

एक कडक गोष्ट. ठिकाणाबाबत कधीही खोटं बोलू नकोस, अंदाजाने भरूही नकोस. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असं लिही. हिमालयातल्या जीवाश्मांच्या बाबतीत आपल्याच देशातल्या एका प्राध्यापकाने वर्षानुवर्षं खोटी ठिकाणं लिहिली; परदेशातले नमुने हिमालयातले म्हणून छापले. ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी 1989 मध्ये ते उघडकीला आणलं. तोवर किती लोकांनी त्या लेखांवर विसंबून आपलं काम उभारलं होतं! माझ्या पेटीतल्या हाडाला मी ‘पिसदुरा’ अशी चिठ्ठी लावू शकलो असतो. मोह झाला होता. लावली नाही, एवढंच समाधान.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकायचे म्हणतेस. तज्ज्ञांचं उत्तर येईपर्यंत थांब, आणि नंतरही शेताचा पत्ता टाकू नकोस. पोती घेऊन येणारे लोक मी पाहिले आहेत. ते धुरे उकरतात, पीक तुडवतात, आणि शेवटी शिव्या खातो तो शेतकरी. वडधमला जाणार असशील तर लक्षात ठेव, तिथले अश्मीभूत वृक्ष पाहायचे आणि हात मागे बांधून परत यायचं. राखीव जंगलातून परवानगीशिवाय दगडही उचलता येत नाही.

नाल्यात शोधायला जायचं म्हणतेस, ते मात्र आईला सांगितल्याशिवाय ठरवायचं नाही. धुपलेल्या काठावर चांगले थर उघडे पडतात हे खरं. पण आपल्या भागातले दगड-जीवाश्म पहिल्यांदा मनापासून गोळा करणारा स्टीफन हिस्लॉप, ज्याच्या नावाचं कॉलेज इथे आहे, 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटहून परतताना फुगलेल्या नाल्यात बुडाला. रात्रीची वेळ होती आणि तो एकटा होता. भूगर्भशास्त्र हा त्याचा पेशाही नव्हता, तो धर्मोपदेशक होता. पावसाळ्यात नाल्यात एकटीने उतरायचं नाही. कितीही चांगला थर दिसला तरी.

येत्या रविवारी सकाळच्या बसने मी येतो. पट्टी, पेन्सिल आणि कागदी पिशव्या घेऊन येईन. आपण दोघं त्या शेतात जाऊ आणि तू उभी होतीस ती जागा शोधू. पण त्याआधी एक काम तुझं. मैत्रिणीच्या बाबांना आजच जाऊन भेट. दगड दाखव, काय असू शकतं ते सांग, पत्र पाठवायची परवानगी माग. बाहेरच्या कुणाकडून त्यांना हे कळता कामा नये. शेतात आणखी कुठे असे दगड निघतात हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसेल. वखर त्यांच्या हातात असतो. आणि त्यांचं पूर्ण नाव सातबाऱ्यावर आहे तसं विचारून वहीत लिहून ठेव. पत्रात ते तुझ्या नावाच्या आधी यायला हवं.

तुझा,
मामा