ग्रामपंचायतीने न दिलेला ठेका

प्रश्न : आमच्या वाडीला एकच केबलवाला. पावसाळ्यात चार-चार दिवस टीव्हीवर 'नो सिग्नल', पैसे मात्र पुऱ्या महिन्याचे, तेही विनापावती. वायरी एवढ्या लोंबतात की मासळीचे टेम्पो अडकतात. ग्रामसभेत ठराव करून त्याचा ठेका दुसऱ्याला द्यावा, असं बरेचजण म्हणतात. जमेल का?
— एक वाचक, दाभोळ (ता. दापोली)

उत्तर : जो ठेका ग्रामपंचायतीने दिलाच नाही, तो ती काढून कसा घेणार? अमेरिकेत नगरपालिका केबल कंपनीशी करार करते, उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत शुल्क घेते आणि जाबही विचारते. आपल्या १९९५च्या केबल कायद्यात असा करारच नाही. केबलवाल्याची नोंदणी पूर्वी दरवर्षी ५०० रुपये भरून मुख्य टपाल कार्यालयात होई. जानेवारी २०२५पासून ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन, ५ वर्षांसाठी होते. ही नोंदणी म्हणजे मक्ता नव्हे. उद्या वाडीत दुसरा आला तर पहिल्याला हरकत घेता येणार नाही. नोंदणीच नसेल तर मात्र प्रांताधिकारी त्याची यंत्रसामग्री जप्त करू शकतात. नोंदणी आहे का, हे आधी विचारा.

पंचायतीच्या हाती उरतो तो रस्ता. त्यावरचा अडथळा हटवण्याचा अधिकार तिला १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५३ने दिला आहे. तेव्हा ठराव जरूर करा, पण वायरींचा. वायर महावितरणच्या खांबावर असेल तर ठरावाची प्रत त्यांनाही द्या. निसर्ग वादळात दापोली तालुक्यात किती खांब आडवे झाले, ते तुम्ही पाहिलंच आहे. असल्या खांबांवर आणखी ओझं कशाला?

तुमचं खरं दुखणं सेवेचं आहे, आणि तिथे ट्राय या दूरसंचार नियामकाचे २०१७चे नियम कामी येतात. पैसे घेतले की पावती द्यायलाच हवी. सिग्नल नसल्याची तक्रार साधारण २४ तासांत सुटली पाहिजे. तक्रार केबलवाल्याच्या मोबाइलवर नको, त्याला सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत बसत नाही. कंपनीने दाद दिली नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर, आणि शेवटी रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. सेवेपोटी दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तिथे शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.