ओल्या कप्पीचा धडा

पणजी

चि. मनूस,


रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी मुलगी औषध कंपनीत जायचं सोडून जुन्या तोफा धुवायला निघाली, म्हणून भावोजी धुमसताहेत, असं ताई सांगत होती. पगार कमी, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे, मी खोटं सांगणार नाही. पण तोफ धुवायला रसायनशास्त्र कशाला, हे मात्र त्यांचं चुकतं.

त्यांना ब्रिटिश म्युझियमची गोष्ट सांग. पहिल्या महायुद्धात तिथल्या वस्तू बॉम्बच्या भीतीने लंडनच्या भुयारी रेल्वेत ठेवल्या होत्या. परत आल्या तेव्हा लोखंड गंजलेलं, दगडांवर क्षार फुललेले. तेव्हा म्युझियमने बोलावलं कोणाला? अलेक्झांडर स्कॉट नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला. तिथली प्रयोगशाळा त्यातूनच उभी राहिली.

समुद्रातून काढलेली बिडाची तोफ वरून धडधाकट दिसते. पण खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड तिच्या अंगात मुरलेलं असतं. तशीच वाळू दिली, तर तिला नारिंगी घाम फुटतो आणि मग पापुद्रे सुटू लागतात. म्हणून ती अल्कलीच्या द्रावणात महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं बुडवून ठेवायची, द्रावण बदलायचं, दर वेळी किती क्लोराइड उतरलं ते मोजायचं. ज्या टायट्रेशनला तू कंटाळायचीस, तेच इथे रोजचं काम.

लाकडाचं दुखणं वेगळं. जिवाणूंनी आतलं सेल्युलोज खाल्लेलं असतं, पेशी उभ्या असतात त्या केवळ पाण्याच्या आधारावर. मी या कामात नवखी असताना एका बुडालेल्या जहाजाची लाकडी कप्पी पाहुण्यांना दाखवायला टबातून काढली. तेवढ्यात फोन आला आणि ती टेबलावर, पंख्याखाली राहिली. सकाळी पाहते तर खारकेसारखी सुरकुतलेली, मधोमध उभी चीर. पुन्हा पाण्यात घातली, पण गेलेला आकार परत आला नाही. साहेब ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘वहीत लिही. वेळ, तापमान, सगळं.’

चुका थोरामोठ्यांच्या हातूनही होतात. स्वीडनचं ‘वासा’ जहाज 1628 साली पहिल्याच सफरीत स्टॉकहोमच्या बंदरात बुडालं, 1961 साली वर काढलं. लाकूड आक्रसू नये म्हणून त्यावर सतरा वर्षं पॉलिइथिलीन ग्लायकॉल फवारलं. काम फत्ते झालं असं वाटत असताना 2000 सालच्या दमट उन्हाळ्यानंतर लाकडावर आम्लाचे डाग उमटले. बंदराच्या घाण पाण्यातलं गंधक लाकडात मुरलं होतं. हवेतल्या ऑक्सिजनने आणि गंजलेल्या खिळ्यांच्या लोखंडाने त्याचं गंधकाम्ल होऊ लागलं. म्हणजे या धंद्यात ‘झालं’ हा शब्द नाही. आपण आज करतो ते उद्या कोणाला तरी सोडवावं लागेल, असं धरून हात लावायचा. म्हणून शक्यतो उलटवता येईल तेच करायचं आणि जे केलं ते लिहून ठेवायचं.

आता तुझ्यापुरतं. एम.एस्सी. अर्धवट सोडू नकोस, मूळ शास्त्र पक्कं हवं. मग लखनौच्या राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाळेत चौकशी कर. 1976 पासून तिथे हेच काम चालतं. सुट्टीत इकडे ये, दोनापावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक सागरी पुरातत्त्वाचं काम कसं करतात ते विचारू. आणि मालवणला गेलीस की होडी बांधणाऱ्या सुताराजवळ चार दिवस बस. लाकूड हाताला कसं लागतं, ते पुस्तकात नाही.

सोबत एक जाड बांधणीची वही पाठवते आहे. पहिल्याच पानावर चूक लिहावी लागली तर लाजू नकोस. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ती कप्पीच आहे.

तुझी,
मावशी