बातमी कशी लिहावी, गोष्ट कशी सांगावी



शाळेत मुलांकडून निबंध भरपूर लिहून घेतात. डोळ्यांसमोर घडलेले जसेच्या तसे लिहायला मात्र फारसे कोणी शिकवत नाही. सुटीत पालकांनी घरी हा सराव करून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

बातमीला सहा प्रश्न लागतात: काय, कुठे, कधी, कोण, का, कसे. मराठीत सहाही 'क'ने सुरू होतात, त्यामुळे मुलांच्या चटकन लक्षात राहतात. उदाहरण जवळचेच घेऊ. १४ एप्रिल १९४४, ईस्टरनंतरचा शुक्रवार. रे रोडच्या दक्षिणेला, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला दुपारी आग लागली. जहाजात कापसाच्या गाठी होत्या आणि सुमारे १४०० टन स्फोटकेही. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले.

त्या जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या. मुले हमखास तिथूनच सुरुवात करतील! पण बातमीत आधी माणसे, मग सोने. एकूण मृत किती? कुठे ८०० वाचायला मिळतात, कुठे १३००. मुलाने मोठा आकडा उचलू नये. तो कोणी दिला, हे लिहावे.

तेव्हा महायुद्ध चालू होते. सेन्सॉरमुळे वार्ताहरांना ही बातमी बाहेर पाठवायला मे उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली. आज नेमके उलटे आहे. दारूखान्यात कुठे धूर दिसला, की पाच मिनिटांत मोबाईलवर दहा हकिगती येतात, आणि त्यात कोणाच्या ना कोणाच्या माथी दोष मारलेला असतो. म्हणून वहीच्या पानावर तीन रकाने आखून द्यावेत: पाहिले, ऐकले, वाटले. प्रत्येक वाक्य त्यांपैकी एकात बसवायचे. तिसरा रकानाच सर्वांत लांब होतो. त्यावरून मुलाला रागावू नये, मोठ्यांचेही तसेच होते. बातमीत पहिला रकाना घ्यावा, दुसरा सांगणाऱ्याच्या नावासह, तिसरा सोडून द्यावा. संत लूकनेही आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच म्हटले आहे, की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेली माहिती त्याने बारकाईने तपासून क्रमवार लिहिली.

गोष्टीत मात्र तिसऱ्या रकान्याचे स्वागत आहे. बातमी महत्त्वाचे ते पहिल्याच वाक्यात सांगून टाकते, गोष्ट ते राखून ठेवते. एकच माणूस निवडावा, त्याला काहीतरी हवे असावे आणि मध्ये काहीतरी आडवे यावे. समजा, गोदीवर गेलेल्या वडिलांची एक मुलगी वाट पाहते आहे. चूल पेटली आहे. एकाएकी मांडणीवरची भांडी खाली येतात. इथे मुलाला थांबवून फक्त विचारावे, "मग?" उत्तर आपण सुचवू नये. ही मुलगी कल्पित आहे, एवढे शेवटी लिहायला लावावे.

यानंतर मुलांनी आपल्याच गल्लीतली एक बातमी लिहावी: नळाला पाणी किती वाजता आले, कोणाचे दुकान बंद झाले. ज्यांचे नाव येईल त्यांना आधी वाचून दाखवावे, आणि आडनाव त्यांच्याकडूनच लिहून घ्यावे.