सौर बागेतील वाटेकरी

नगरपालिकेला सौर वीज हवी आहे, पण कचेरीचे छप्पर लहान आणि त्यावर झाडांची सावली. मग काय करावे?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०१३ च्या कायद्याने एक वाट काढली. मोकळ्या जागेवर सौर पॅनेलची ‘बाग’ उभारायची आणि तिच्या विजेत अनेकांनी वाटेकरी व्हायचे. एका बागेला किमान पाच वाटेकरी हवेत आणि कोणाचाही वाटा ४० टक्क्यांहून अधिक नसावा, अशी त्यात अट होती. मिनीॲपोलिससारख्या शहरांच्या नगरपालिकांनीही असे वाटे घेतले.

बागेतील वीज वेगळ्या तारेने कचेरीत जात नाही. ती वीज कंपनीच्या जाळ्यात मिसळते. विहिरीत ओतलेली घागर पुन्हा वेगळी काढता येईल का? म्हणून वीज नव्हे, तिचा हिशेब वाटला जातो. वाट्याला आलेल्या युनिटांची रक्कम बिलातून वजा होते.

समजा, वर्षाला ५,००,००० युनिटे वाट्याला आली. दर युनिटला बिलात १२ सेंट सूट मिळते आणि बागेच्या मालकाला ११ सेंट वर्गणी द्यावी लागते. बचत ५,००० डॉलर!

पण करार बहुधा २५ वर्षांचा असतो. वर्गणी दरवर्षी २ टक्के आणि सूट १ टक्काच वाढली तर? दहाव्या वर्षी वर्गणी १३.१५ सेंट, सूट १३.१२ सेंट. बचत संपली, तोटा सुरू झाला! ऊन फुकट असले तरी करार नीट वाचावाच लागतो. वहीत कोष्टक मांडून हे आकडे तुम्हीच पडताळून पाहा.